विंडोजवर नीट चालणारा वायफाय डोंगल लिनक्स मिंटवर फक्त सीडी म्हणून दिसतोय

पुस्तकघर
नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका ड वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या टेबलावर एक जुना डेस्कटॉप आहे, तिसऱ्या पिढीचा आय-३ आणि ४ जीबी रॅम. दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी त्यावर असतात. शिवाय वर अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुलं फॉर्म भरायला आणि प्रवेशपत्र काढायला त्याच मशीनवर येतात, त्यामुळे नेट हवंच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही. म्हणून भाच्याकडून लिनक्स मिंट २१.३, एक्सएफसीई (जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती), घालून घेतलं. बाकी सगळं झकास चालतंय. प्रिंटर तर काही न करता सापडला. पण वायफाय नाही.

डोंगल काळा, अंगठ्याच्या पेराएवढा, कंपनीचं नाव नाही, अंगावर फक्त ‘६०० एमबीपीएस’. विंडोजवर असताना तो लावला की आतूनच सेटअप उघडायचा, वेगळी सीडी लागत नव्हती. आता लावला की डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं. उघडलं तर आत विंडोजचा सेटअप आहे. तो वाइनमधून चालवून पाहिला, ‘पूर्ण झालं’ असा निरोप आला, पण वायफाय आलं नाही.

यूएसबीला काय काय लावलंय ते दाखवणारी एलएसयूएसबी ही कमांड दिली तर त्या डोंगलची ओळ अशी येते: ०बीडीए:१ए२बी, रिअलटेक, आरटीएल८१८८जीयू, ड्रायव्हर सीडीरॉम मोड.

राउटर वरच्या मजल्यावर आहे आणि संगणक खाली. केबल टाकायची तर स्लॅबला भोक पाडावं लागेल, त्याला कार्यकारिणीची मंजुरी लागते. बाजारपेठेतल्या दुकानदारानं ‘हा लिनक्सवर चालतच नाही, नवा घ्या’ असं सांगितलं. हाच चालवता येईल का?

कोड_कोकण
ओळीतच उत्तर आहे ना. चिप ८१८८जीयू आहे. गिटहबवर ८१८८जीयूचा ड्रायव्हर मिळतो. बिल्ड-इसेन्शियल आणि कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स टाका, मग मेक, मेक इन्स्टॉल. दहा मिनिटांचं काम.

जुना_पेंग्विन
एनडीआयएसरॅपर म्हणून एक प्रकार आहे. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सला लावता येतो. मी २००८ साली लॅपटॉपवर असंच वायफाय चालवलं होतं. सीडीतली आयएनएफ फाइल त्याला द्या.

मिरजवाला
पुस्तकघर ताई, डोंगल टाकू नका. तो चांगला आहे. मी मिरज-सांगली भागातल्या शाळांचे आणि पतसंस्थांचे संगणक दुरुस्त करतो. विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून हाच प्रकार सारखा समोर येतोय, म्हणून सविस्तर लिहितो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत, जोडून लिहा.

आधी ‘ड्रायव्हर सीडीरॉम मोड’ या शब्दांकडे बघा. तुमचा डोंगल सध्या वायफाय कार्ड नाहीच, तो स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतोय. आत थोडी मेमरी असते, तिच्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. पहिल्यांदा लावला की डोंगल सीडी म्हणून पुढे येतो, विंडोज ती सीडी चालवतं, ड्रायव्हर बसतो, आणि तो ड्रायव्हर डोंगलला सांगतो की आता सीडी बंद कर आणि वायफाय हो. लिनक्सवर हे सांगणारं कुणी नसेल तर डोंगल जन्मभर सीडीच राहतो. पूर्वीचे नेटसेटर आठवतात? थ्री-जीचे ते पांढरे डोंगलही असेच आधी सीडी दाखवायचे. त्यांच्यासाठीच लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच नावाचं छोटं साधन तयार झालं आणि तेच आज या वायफायच्या डोंगलांना उपयोगी पडतं.

आता चिपचं नाव. कोड_कोकण, तुम्ही ओळ नीट वाचलीत, पण इथे ती ओळच फसवते. ०बीडीए म्हणजे रिअलटेक आणि १ए२बी हा त्या सीडी अवस्थेचा क्रमांक. हाच क्रमांक रिअलटेकच्या वेगवेगळ्या चिपांचे डोंगल सीडी असताना दाखवतात. एलएसयूएसबी नाव आणतं ते आपल्या यादीतून, आणि त्या यादीत १ए२बीसमोर ८१८८जीयू लिहिलेलं आहे. म्हणून आत कुठलीही चिप असो, छापलं जातं ८१८८जीयूच. त्या नावावर ड्रायव्हर शोधून कंपाइल केला, म्हणजे मूळ कोडवरून आपल्या मशीनवर तयार केला, तर कंपाइल व्यवस्थित होईल, काही चूक दाखवणार नाही आणि वायफाय मात्र येणार नाही. माणूस पुढे दोन दिवस डोंगलला दोष देत बसतो.

शिवाय डोंगलवर ६०० लिहिलंय. ८१८८जीयू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, तिच्या डब्यावर ६०० येणार नाही. ६०० हा आकडा ५ गिगाहर्ट्झचे ४३३ आणि २.४ चे १५० यांची बेरीज करून वर ढकललेला असतो. म्हणजे तुमची चिप दोन्ही पट्ट्यांची आहे. माझा अंदाज ८८११सीयू.

अंदाजावर मात्र थांबायचं नाही. असं करा: डेस्कटॉपवरच्या सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हणा. डोंगल काढू नका, तसाच राहू दे. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा एलएसयूएसबी द्या. १ए२बी जाऊन त्या जागी दुसरा क्रमांक दिसेल. तो इथे लिहा. खरी ओळख तीच.

जुना_पेंग्विन, एनडीआयएसरॅपरनं त्या काळात फार लोकांची सोय केली, हे खरं आहे. पण ते विंडोज एक्सपीच्या वेळच्या ड्रायव्हरांसाठी होतं. त्यानंतर विंडोजनं नेटवर्क ड्रायव्हरचा साचाच बदलला. या डोंगलमधला ड्रायव्हर त्याला चालणार नाही. आणि ताई, वाइनबद्दलही तेच. वाइन विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं. ड्रायव्हर हा कर्नलच्या आत बसावा लागतो, तिथपर्यंत वाइनचा हात पोचत नाही. सेटअपनं ‘पूर्ण झालं’ म्हटलं ते त्याच्यापुरतं.

पुस्तकघर
दादा, इजेक्ट केलं. सीडीचं चित्र गेलं आणि आता ओळ आली आहे: ०बीडीए:सी८११, रिअलटेक, ८०२.११एसी एनआयसी. पण वर कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या यादीत वायफाय अजून नाही.

मिरजवाला
सी८११. म्हणजे ८८११सीयू नक्की. अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं कर्नलचं. टर्मिनलमध्ये यूनेम -आर द्या. मिंट २१.३ असल्यानं ५.१५ पासून सुरू होणारा आकडा येईल. रिअलटेकच्या या चिपांचा आरटीडब्ल्यू८८ नावाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. तो २०१९ साली ५.२ मध्ये आला, पण तेव्हा फक्त मदरबोर्डवर बसणाऱ्या पीसीआय कार्डांसाठी. यूएसबीवरच्या डोंगलांसाठीचा भाग त्यात आला ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ ला. तुमचं ५.१५ त्याच्या आधीचं. म्हणून कर्नलला डोंगल दिसतो, पण त्याच्याशी काय बोलायचं ते माहीत नाही.

इथे दोन वाटा आहेत. एक, कोड_कोकण म्हणतात तशी: ८८२१सीयूचा बाहेरचा ड्रायव्हर आणून डीकेएमएसनं बसवायचा (८८११ आणि ८८२१ एकाच ड्रायव्हरवर चालतात, ८८२१ मध्ये ब्लूटूथ जास्तीचं). दुसरी, कर्नलच नवं घ्यायचं. घरच्या मशीनला पहिली वाट चालते, मीही स्वतःच्या मशीनवर ती वापरतो. वाचनालयाच्या मशीनला ती मी सुचवणार नाही, आणि का ते सांगतो.

डीकेएमएस दर नव्या कर्नलबरोबर तो ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करतं. बहुतेक वेळा होतो. पण कर्नलच्या आतली एखादी गोष्ट बदलली आणि बाहेरचा ड्रायव्हर त्याप्रमाणे सुधारलेला नसला की कंपाइल अडतं. अपडेट सकाळी होतं, मशीन पुन्हा सुरू होतं आणि वायफाय गायब. त्या दिवशी तुम्ही रजेवर असाल. टेबलावर शिपाई किंवा संचालकांपैकी कुणी बसलेलं असेल आणि अभ्यासिकेतल्या मुलाची फॉर्मची शेवटची तारीख असेल. त्याला मेक, मेक इन्स्टॉल कोण सांगणार? सार्वजनिक जागेतल्या मशीनवर एका माणसाच्या डोक्यात राहणारी दुरुस्ती करू नये असं माझं ठाम मत आहे. कर्नलमधलाच ड्रायव्हर असला की तो अपडेटबरोबर येतो, त्याच्याकडे कुणी बघावं लागत नाही. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होताना अडवणारी सोय, चालू असेल तर बाहेरच्या ड्रायव्हरला सहीची भानगड येते, रीस्टार्टच्या वेळी निळा पडदा येऊन पासवर्ड मागतो. मिंटकडून आलेलं कर्नल सही केलेलंच असतं.

तर आता क्रमानं. नेट नसताना नेटचं कर्नल आणायचं कसं, हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्या पर्समध्ये आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं संगणकाला लावा. केबल डेटा नेणारी हवी, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मिंटला तो तारेचं कनेक्शन वाटतो, कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. फोन वाचनालयाच्याच वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट केबलनं पुढे देतात, तुमचा मोबाइल डेटा खर्च होत नाही. कर्नल साधारण दोनशे एमबीच्या आसपास असतं, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

मग अपडेट मॅनेजर उघडा. आधी नेहमीचे अपडेट होऊ द्या, त्यात लिनक्स-फर्मवेअर नावाचं पॅकेज येतं ते सोडू नका. चिपच्या आत भरायचा छोटा प्रोग्रॅम त्यात असतो, तो नसला तर ड्रायव्हर असूनही कार्ड उठत नाही. त्यानंतर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘लिनक्स कर्नल्स’. डाव्या बाजूला ५.१५, ६.५, ६.८ असे गट दिसतील. ६.८ निवडा, यादीतलं सगळ्यात नवं इन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. जुनं ५.१५ काढू नका. काही बिनसलं तर सुरू होताना ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्यावर परत जाता येतं. दाखल नोंदवही त्या मशीनवर आहे, म्हणून आधी ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. कर्नल बदलल्यानं फाइलींना काही होत नाही, पण तरी घ्या.

रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा सीडी दिसली तर इजेक्ट करा. या वेळी वायफायची यादी यायला हवी.

पुस्तकघर
आलं! यूनेम आता ६.८ दाखवतं. इजेक्ट केल्याबरोबर वायफायची यादी आली, पासवर्ड टाकला, जोडलं गेलं. दुपारी एका मुलीचं प्रवेशपत्र त्यावरच काढून दिलं. मनापासून आभार.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. सकाळी मशीन सुरू केलं की दर वेळी सीडी इजेक्ट करावी लागते. आणि थोडा वेळ कुणी काही केलं नाही की वायफाय तुटतं, मग हातानं जोडावं लागतं. कधी कधी यादीत आमच्या राउटरचं नाव एकाच दांडीचं दिसतं. मशीन दोन लोखंडी कपाटांच्या मधे आहे आणि डोंगल मागच्या बाजूला लावलेला आहे.

मिरजवाला
छान. तुमच्या दोन गोष्टींच्या तीन झाल्या, एकेक घेऊ.

इजेक्टचं काम मशीनकडेच देऊ. यूडेव्ह, म्हणजे उपकरण लावलं की काय करायचं ते बघणारा लिनक्सचा भाग, त्याचा एक ओळीचा नियम लिहायचा: ०बीडीए:१ए२बी दिसलं की यूएसबी-मोडस्विचला इजेक्टचा हुकूम द्यायचा, बास. नियमात इंग्रजी चिन्हं आणि अवतरणं एकही चुकून चालत नाही, म्हणून तयार फाइल तुम्हाला निरोपात पाठवली आहे. ती ईटीसी, यूडेव्ह, रूल्स.डी या फोल्डरमध्ये ठेवा. त्यासाठी फाइल मॅनेजर ‘ओपन अ‍ॅज रूट’नं उघडावा लागेल. यूएसबी-मोडस्विच पॅकेज बसलेलं आहे का तेही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकदा बघून घ्या.

वायफाय तुटण्याचं कारण बहुतेक वीजबचत. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी वायफाय कार्ड मधेमधे झोपवलं जातं आणि तीच सेटिंग डेस्कटॉपलाही लागू होते. तुमच्या मशीनला बॅटरीच नाही, तेव्हा तिचा काही उपयोग नाही. ईटीसीमध्ये नेटवर्कमॅनेजर फोल्डर, त्यात कॉन्फ.डी, त्यात डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन या नावाची फाइल. आत शेवटी ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’ असेल. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. ३ चे २ करा, सेव्ह करा, रीस्टार्ट करा. संध्याकाळी अर्धा तास मशीन नुसतं सोडून द्या आणि बघा टिकतंय का.

तिसरी गोष्ट जागेची. मागच्या बाजूला संगणकाचा पत्रा, दोन्हीकडे लोखंडी कपाटं आणि वर स्लॅब. एवढ्याशा डोंगलमधला अँटेना नखाएवढा असतो, त्याला बिचाऱ्याला वाट कुठून मिळणार? यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घ्या, मीटर-दीड मीटरची, आणि डोंगल कपाटाच्या वर, मोकळ्यावर ठेवा. मागे निळ्या रंगाचे यूएसबी ३ चे पोर्ट असतील तर ते टाळून काळ्या पोर्टात लावा. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलेलं आहे. राउटर दोन नावं दाखवत असेल, एक साधं आणि एक ५जी लिहिलेलं, तर तुम्ही साधं धरा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण स्लॅबमधून खाली येईपर्यंत दमतं. फॉर्म भरायला आणि प्रवेशपत्राला २.४ भरपूर झालं.

पणजीकर
चांगला धागा. ज्यांना नवाच डोंगल घ्यायचा आहे त्यांनी मीडियाटेकची चिप बघावी. एमटी७६०१यू कर्नलमध्ये २०१५ पासून आहे, स्वस्तही असतो, पण फक्त २.४. दोन्ही पट्टे हवे असतील तर एमटी७६१२यू. माझ्या रास्पबेरी पायवर तो लावल्या लावल्या चालला.

मिरजवाला
पणजीकरांच्या यादीला माझा होकार. फक्त विकत घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका, आवृत्ती बघा. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या उदाहरणाला. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप आहे, लिनक्सवर लावली की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची ८१८८ईयू. नाव तेच, बाहेरून रूप जवळपास तेच. दहा वर्षांपूर्वीचा लेख वाचून आज कुणी तो आणला तर लेखातलं काहीच लागू पडत नाही. आवृत्ती मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ‘व्ही’ लिहून दिलेली असते, दुकानात भिंग मागायची लाज वाटू देऊ नका.

पुस्तकघर
डोंगल कपाटावर गेला, तीन दांड्या येतात. पॉवरसेव्हचे २ केले. नियमाची फाइल ठेवली. आज सकाळी आमच्या शिपाईमामांनी मशीन सुरू केलं, मी पोचले तेव्हा वायफाय जोडलेलं होतं आणि त्यांना यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. काल संध्याकाळपासून तुटलेलं नाही.

कार्यकारिणीत आणखी दोन जुन्या मशीनवर मिंट घालायचा विषय निघालाय. त्यांच्यावर सरळ २२ घालू का?

मिरजवाला
हो, ४ जीबी असेल तर २२ च घाला, एक्सएफसीईच. २२ मध्ये कर्नल मुळातच ६.८ आहे, म्हणजे हा कर्नलचा टप्पा वगळला जातो. सीडीचा नियम मात्र हाताशी ठेवा. या मशीनवर २१.३ राहू दे, त्याला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत. चालत्या मशीनला आत्ता हात लावू नका.

कोड_कोकण
मिरजवाले, तुमचं वाचून माझ्या कपाटातला एक डोंगल काढला. तोही १ए२बीच दाखवत होता. इजेक्ट केल्यावर ०बीडीए:बी७११ झाला. हा कुठला?

मिरजवाला
हा खरोखरचा ८१८८जीयू. तुम्ही वर सांगितलेली चिप तुमच्याच कपाटात निघाली. यालाही ६.८ वर बाहेरचा ड्रायव्हर लागत नाही. कर्नलमध्ये आरटीएल८एक्सएक्सएक्सयू नावाचा ड्रायव्हर आहे, तो त्याला उचलतो. तुम्ही गिटहबवरचा आधी बसवलेला असेल तर तो काढून टाका, नाहीतर दोघं एकाच चिपवर हक्क सांगतात. एलएसमॉड देऊन कुठला लोड झालाय ते बघा आणि इथेच टाका.